बागेत काम करणाऱ्या एडी माबोंनी ऑस्ट्रेलियाचा कायदा बदलला, पण निकाल ऐकायला ते नव्हते

१९७४ ची गोष्ट. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलमध्ये, जेम्स कुक विद्यापीठात माळीकाम करणारे एडी कोइकी माबो दोन इतिहासकारांशी गप्पा मारत होते. बोलता बोलता त्यांना कळलं, की गावाकडची जी जमीन ते आपली समजत होते, ती कागदोपत्री सरकारची आहे.

त्यांचं गाव म्हणजे टॉरेस सामुद्रधुनीतलं मेर बेट. १९३६ मध्ये तिथेच जन्म. जन्मानंतर लवकरच आई गेली, मामा-मामींनी वाढवलं. तरुणपणी ते बोटींवर समुद्रातले शिंपले काढायचे. मेरवर प्रत्येक घराच्या बागेला हद्द होती, किनाऱ्यावर मासे अडवायला पूर्वजांनी रचलेले दगडी बांध होते. इंग्रजी कायद्याला यातलं काहीच दिसत नव्हतं.

१९८२ मध्ये माबो आणि आणखी चौघे मेरवासी कोर्टात गेले. खटला दहा वर्षं चालला. २१ जानेवारी १९९२ ला माबो कॅन्सरने गेले. ३ जूनला हायकोर्टाने सहा विरुद्ध एक मतांनी मूलनिवासींचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क मान्य केला.

१९९५ मध्ये टाउन्सव्हिलमधल्या त्यांच्या कबरीची विटंबना झाली. कुटुंबाने त्यांना मेरला नेऊन पुन्हा दफन केलं. ट्रेव्हर ग्रॅहम यांच्या १९९७ च्या माहितीपटात हा सगळा प्रवास आहे.

आता ३ जून हा माबो दिन. त्यानिमित्त त्यांच्यावरचे सिनेमे दाखवले जातात. आणि माबो? ते समुद्राने वेढलेल्या आपल्याच जमिनीत विसावलेत.