प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज

देवास जिल्ह्यातील टोंकखुर्द हे माझे आजोळ. आजी मूळची अमरावतीकडची, म्हणून तिच्या देवघरात गुलाबराव महाराजांची तसबीर असे. सुट्टीत गेलो की तिच्याकडून त्यांचे चरित्र ऐकायला मिळे. तेच येथे थोडक्यात सांगतो.

महाराजांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे झाला. वडील गोंदुजी मोहोड, आई अलोकाबाई. घराणे माधान गावचे. मूल नऊ महिन्यांचे असताना डोळ्यांचा विकार झाला, चुकीचे औषध पडले आणि दृष्टी कायमची गेली, असे सांगतात. चौथ्या वर्षी आईही गेली. पुढे आजीने सांभाळ केला.

योगायोग असा की, त्याच १८८१ साली जर्मनीतील प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनी नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची रीत प्रसिद्ध केली. जन्माच्या वेळी होणाऱ्या संसर्गापासून असंख्य डोळे तिने वाचविले. महाराजांचा विकार तोच होता असे नव्हे; पण वेळेवर केलेला साधा उपाय काय करू शकतो, हे त्यावरून दिसते.

या अंध मुलाने इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले आणि एकदा ऐकलेले मनात साठविले. १८९६ साली त्यांचा विवाह झाला. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवीत. मधुराद्वैत हा विचार त्यांनी मांडला, डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचा परामर्श घेतला, स्वतःची एक सांकेतिक भाषाही रचली. मराठी, संस्कृत व हिंदीत मिळून शंभराहून अधिक ग्रंथ लेखनिकांकडून लिहवून घेतले. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. आपले कन्नड मित्र गदगच्या पुट्टराज गवयांविषयी अशाच आदराने बोलतात. त्यांचीही दृष्टी बालपणीच गेली होती.

परंतु या आदरातून एक गैरसमज निर्माण होतो. डोळे गेले म्हणून ज्ञान आले, असे आपण मानू लागतो. आमच्याच घरी ते घडले. मामांचा दीड वर्षाचा मुलगा किंचित तिरळा पाहू लागला. तिरळेपणा भाग्याचा, म्हणून सारे खूश. रात्री दिव्याच्या उजेडात त्याच्या बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसे. मामींनी ती पाहिली होती, पण बोलायचा धीर झाला नाही. अखेर इंदूरला नेले. नेत्रपटलाचा कर्करोग, रेटिनोब्लास्टोमा, निघाला. डोळा काढावा लागला, जीव वाचला.

हा रोग लवकर ओळखला तर बहुतेक मुले वाचतात आणि पुष्कळदा डोळाही वाचतो. बाहुलीतील पांढरी चमक, फ्लॅशच्या छायाचित्रात एकच डोळा पांढरा दिसणे, नव्याने आलेला तिरळेपणा, उजेडाकडे न पाहणारे बाळ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञाकडे जावे. मध, काजळ, झाडपाल्याचा रस काही घालू नये. आज नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर ‘अ’ जीवनसत्त्वाचा पहिला डोस देतात, तोही चुकवू नये. महाराजांची दृष्टी गेली ती याच वयात, हे मला विसरता येत नाही.

महाराज मोठे झाले ते अंधत्वामुळे नव्हे, अंधत्व असूनही. मामांचा मुलगा आता एका डोळ्याने शाळेची पुस्तके वाचतो. आजीच्या देवघरातील तसबीर तशीच आहे. मात्र घरात बाळ जन्मले की आजी स्वतः दिव्यापाशी नेऊन त्याचे डोळे पाहते.