सुगरणीचे गूढ आणि सालिम अली

मी प्राणिशास्त्राचा विद्यार्थी. परिस्थिती बदलली की प्राणी कसा बदलतो, हा प्रश्न आला की मला डॉ. सालिम अलींचे चरित्र आठवते.

१८९६ मध्ये मुंबईत त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले व मामांनी त्यांना वाढविले. बर्लिनला प्रो. स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये ते परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागाच रद्द झालेली होती! पत्नी तेहमिनाबाईंसह ते अलिबागजवळ किहीमला राहू लागले. तेथेच त्यांनी सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला.

नाव स्त्रीलिंगी असले तरी घरटे विणतो तो नर. एरवी मादीसारखा मळकट दिसणारा हा पक्षी पावसाळा आला की डोक्यावर व छातीवर पिवळा होतो. भाताची पाती, गवत, झावळ्यांचे धागे, जे मिळेल ते तो वापरतो. विहिरीवरची बाभूळ, शिंदी, ताड, प्रसंगी तारायंत्राची तारही त्याला चालते. अर्धवट घरटी ही नराची नुसती हौस, असा पूर्वी समज होता. सालिम अलींनी दाखविले की, मादी अर्धे घरटे पारखून घेते. पसंत पडले तर नर ते पूर्ण करतो आणि लगेच दुसऱ्या मादीसाठी नवे बांधावयास घेतो. पसंत न पडलेले घरटे तसेच लोंबकळत राहते. हा निबंध १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यानंतर ते आपल्या हैदराबाद संस्थानात आले. मोहिमेचा खर्च तेवढा द्यावा, वेतन नको, या अटीवर त्यांनी १९३१-३२ मध्ये येथील पक्ष्यांची पाहणी केली. तेलंगण, मराठवाडा आणि कानडी जिल्हे असे तीन भाषांचे ते संस्थान. पण पक्ष्यांना भाषेची सीमा कोठली?

१९८७ मध्ये ते निवर्तले. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. एकाच पक्ष्याने आयुष्यात केलेला बदल वेगळा आणि पिढ्यान्‌पिढ्या होणारी उत्क्रांती वेगळी. पहिल्यालाही मर्यादा असते. तार चालेल, पण पाती व धागे देणारे गवत, शेते आणि शिंदी-ताडच उरले नाहीत, तर सुगरण विणणार कशाने? शहराभोवतीची तळी व माळराने बुजविताना हा प्रश्न आपणच स्वतःला विचारावयास हवा, असे मला वाटते.