हाफकिनसाहेबांची बाटली

मागच्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलच्या जिन्याखाली एक मेलेला उंदीर सापडला. त्यावर रात्रभर जोक झाले. घरी फोन केला तेव्हा तोच किस्सा मी आप्पांना सांगितला, तर ते हसलेच नाहीत. एकच होता ना, आणखी दिसले तर लगेच कळव, असं दोनदा बजावलं.

आप्पा १९९४ साली सुरतला लूमवर कामाला होते. सप्टेंबरात प्लेगची बातमी फुटली आणि अर्धं सुरत स्टेशनात घुसलं. ते दारात लटकत नवापूरमार्गे नंदुरबारला उतरले (आपला जिल्हा तेव्हा धुळ्यातच होता). गावात घेतलं नाही. आठ दिवस मळ्यातल्या झोपडीत. आजी भाकरी बांधावर ठेवून मागे सरायची आणि आप्पा टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल मोजत बसायचे. तेव्हा निदान कॅप्सूल तरी होती. त्याच्या शंभर वर्षं आधी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं, तेव्हा औषधच नव्हतं.

त्या मुंबईत सरकारने ज्याला धाडलं तो वाल्देमार हाफकिन. सायन्सवाल्यांना नाव माहीत असेल, आम्हा मेकॅनिकलवाल्यांना परळच्या इन्स्टिट्यूटपुरतं. जन्म १८६० चा, रशियन साम्राज्यातला, ज्यू घराण्यातला. ओडेसाला शिकताना गुरू मिळाले मेच्निकोव्ह. रक्तातल्या काही पेशी जंतूंना चक्क गिळतात, हे शोधणारे तेच. धर्म बदलला असता तर हाफकिनला तिथेच प्राध्यापकी मिळाली असती. त्याने बदलला नाही. मग जिनिव्हा, मग पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जागा मिळाली ती ग्रंथालयात! पुस्तकं सांभाळता सांभाळता पठ्ठ्याने कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ च्या जुलैत स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ती घेऊन थेट भारतात आला.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. आपल्या फायनल इयर प्रोजेक्टला याहून जास्त सामान असतं. रश्शात जंतू वाढवायचे, वर तुपाचे थेंब सोडायचे. त्या थेंबांना धरून जंतूंच्या जटा खाली लोंबायच्या. काही आठवडे वाढ झाली की तापवून सगळे मारायचे आणि मेलेले जंतू रश्श्यासकट टोचायचे. नुसते जंतू नकोत, त्यांनी रश्शात सोडलेलंही हवं, हा त्याचा हट्ट होता. १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई त्याने स्वतःलाच टोचून घेतली. सडकून ताप आला. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली आणि ते वाचले. त्याच वर्षी मार्चमध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. घराघरात घुसणाऱ्या सोल्जरांमुळे सरकारी सुईवर कोण विश्वास ठेवणार? हाफकिन सक्तीच्या विरुद्ध होता. आगाखान यांनी लोकांदेखत टोचून घेतलं, तेव्हा कुठे रांगा लागल्या.

आता थोडं आजचं. आपण नेमकं काय टोचतोय, हे हाफकिनला ठाऊक नव्हतं. प्लेगचा जंतू पिसवाच्या पोटात असतो तेव्हा उघडा असतो. माणसाच्या ३७ अंशांच्या उबेत आला की अंगावर एफ-१ नावाच्या प्रथिनाचं चिकट कवच चढवतो. ते सुटून भोवतीच्या रश्शातही उतरतं. या कवचामुळे गिळणाऱ्या पेशींना तो गिळता येत नाही. म्हणजे ढाल आहे ती हाफकिनच्या गुरूंनी शोधलेल्या पेशींविरुद्धच! पण एकदा शरीराने हे प्रथिन ओळखलं की प्रतिपिंडं त्यालाच चिकटतात आणि ढालच पकडायची मूठ होते. १९५२ मध्ये एफ-१ शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. हाफकिनचा हट्ट किती बरोबर होता, ते तेव्हा उमगलं. अर्थात जंतूही वस्ताद. कवच नसलेले काही प्रकारही मारक असतात. म्हणून नव्या लसींत एफ-१ ला व्ही नावाचं प्रथिन जोडतात. जंतू आपल्या पेशींत विष सोडायला सुईसारखी नळी वापरतो, तिच्या टोकावर हे व्ही बसलेलं असतं. अशा लसींच्या माणसांवर चाचण्याही झाल्या आहेत.

पण मला छळतो तो भाग वेगळाच. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना टोचलं. पैकी १९ जण धनुर्वाताने मेले, आणि ते सगळे ५३-एन या एकाच बाटलीतले. चौकशी बसली. हाफकिनने उत्पादन वाढवण्यासाठी कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता, त्यामुळे बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असा ठपका आला. त्याला पदावरून दूर केलं. वास्तविक गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करता तोच बुचाला लावला गेला होता. हे साक्षीत आलेलं होतं! एकोणीस बाटल्यांतून एकेक माणूस गेला असता तर गोष्ट वेगळी. रूट कॉज शोधायचं सोडून सगळ्यात वरचा माणूस पकडायचा, ही पद्धत जुनीच दिसते. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिलं, तेव्हा त्याच्यावरचा डाग पुसला. पाच वर्षं गेली ती गेलीच.

तो परत आला, पण मुंबईला नाही, कलकत्त्याला. १९१४ मध्ये निवृत्त होऊन देश सोडला. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्याचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० ला तो स्वित्झर्लंडमध्ये लोझानला वारला.

ता.क. : जिन्याखालचा उंदीर मेसवाल्यांनी ठेवलेल्या औषधाने मेला होता. आप्पांना कळवलंय. तरी रविवारी फोनवर पहिला प्रश्न तोच असतो.