लक्ष्मणराव किर्लोस्कर

नागपूरहून काटोल-नरखेडच्या बाजूस गेले, म्हणजे संत्र्यांच्या बागा लागतात. तेथे एखाद्या विहिरीच्या काठी अजूनही जुने डिझेल इंजिन दृष्टीस पडते. थंडीच्या दिवसांत पहाटे ते सुरू करणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे. आधी वंगणाचे तेल आणि पाणी पाहावे लागते. डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, तर जोडावरील स्क्रू सैल करून ती घालवावी लागते. एवढ्याशा बुडबुड्याने मोठे यंत्र अडून बसते. मग वरचा खटका उचलून हँडल फिरवावयाचे. खटका उचललेला असेपर्यंत आतील हवा दाबली जात नाही, म्हणून जड चाक फिरू शकते. चाकाने वेग घेतला, की खटका सोडावयाचा. आता दट्ट्या हवा इतकी दाबतो, की ती तापून तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. ठिणगी लागतच नाही. धुराचा लोट निघतो, धडधड सुरू होते आणि पाटाला पाणी वाहू लागते.

अशा कित्येक इंजिनांवर ‘किर्लोस्कर’ हे नाव आढळते. ज्यांनी या नावाचा उद्योग उभारला, त्या लक्ष्मणरावांची कथा मात्र इंजिनापासून नव्हे, तर चित्रकलेपासून सुरू होते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी होते. मुलाचे लक्ष मात्र पोथ्यांपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत अधिक. हट्ट धरून तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. तेथे एक विलक्षण अडचण उभी राहिली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतील भेद नीट कळेना! चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता असणार? त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यंत्रांची रेखाटने काढण्याची कला हस्तगत केली. तिच्याच बळावर ते व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा त्यांनी ती नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले.

बेळगावात त्यांचे वडील बंधू रामूअण्णा होते. दोघा भावांनी सायकली विकण्याचे दुकान चालविले. परंतु दुसऱ्याने केलेली वस्तू विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि मग लोखंडी नांगर हाती घेतला.

हा नांगर नीट समजून घेतला पाहिजे. लाकडी नांगर जमीन उकरतो. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा ती उलटीपालटी करतो. खालची माती वर येते, हरळीच्या मुळ्या उन्हात वाळतात. इतका उपयोगी नांगर, पण तो विकत कोण घेणार? लोखंडाचे विष उतरून जमीन नापीक होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिला हसू नये; ज्याचे सारे घर एका शेतावर जगते, त्याने नव्या वस्तूला भ्यावे यात नवल नाही. पहिले चाळीस नांगर विकण्यास दोन वर्षे लागली. तोवर भांडवल तसेच अडकून पडले होते.

नांगराचा कोठे जम बसतो न बसतो, तोच कारखान्याची जागा रिकामी करण्याचा नगरपालिकेचा हुकूम आला. यंत्रे न्यावयाची कोठे? त्या वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळ बत्तीस एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाचे आणि सापांचे रान! १० मार्च १९१० रोजी तेथे वसाहतीचा प्रारंभ झाला. कामगारांनी निवडुंग तोडले, छपरे उभारली आणि सांगली जिल्ह्यातील आजची किर्लोस्करवाडी आकारास येऊ लागली. तुरुंगवास भोगून आलेल्या काही माणसांना लक्ष्मणरावांनी पहारेकरी नेमले, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले. नांगराचे काम बंद पडण्याची पाळी आली. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळविण्यासाठी दिल्या. एके काळी आग ओकणाऱ्या त्या तोफांचे नांगर झाले आणि ते शेतात चालू लागले.

पुढे किर्लोस्करवाडीत उसाचे चरक, पाण्याचे पंप अशी यंत्रे होऊ लागली. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले होते. त्यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकी येथे डिझेल इंजिनांचा कारखाना स्थापन झाला. तेव्हा लक्ष्मणरावांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. ज्या शेतकऱ्याने लोखंडाच्या भीतीने नांगर नाकारला होता, त्याचेच मुलगे-नातू आता लोखंडी इंजिनाचे हँडल फिरवू लागले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. त्यांच्या जन्मास शंभर वर्षे झाली, तेव्हा १९६९ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड हे स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.