व्हॅनीव्हर बुश

संगणकाच्या पडद्यावर एकाच वेळी चार-पाच खिडक्या उघडाव्यात, एकीतील मजकूर दुसरीतल्याशी ताडून पाहावा, नको असलेली बाजूस सारावी, हे आज आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडले आहे. या सोयीच्या मुळाशी ज्यांचा विचार आहे, त्या थोर पुरुषाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

व्हॅनीव्हर बुश यांचा जन्म ११ मार्च १८९० रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात एव्हरेट येथे झाला. वडील धर्मोपदेशक होते. बालपणी प्रकृती नाजूक. परंतु गणिताची गोडी व हातातील कसब ही उपजतच होती. टफ्ट्स महाविद्यालयात शिकत असताना त्यांनी जमिनीचे चढउतार आपोआप रेखाटणारे, ढकलीत न्यावयाचे एक यंत्र बनविले. त्यास गिऱ्हाईक मिळाले नाही. पण बुश खचले नाहीत. १९१९ साली ते मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत अध्यापक झाले व १९३१ पर्यंत त्यांनी चाके, तबकड्या आणि दांडे यांच्या योगे अवघड गणिते सोडविणारे अवाढव्य यंत्र सिद्ध केले.

दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६००० शास्त्रज्ञांच्या कार्याची सूत्रे त्यांच्या हाती होती. त्यातून रडारची प्रगती झाली, पेनिसिलिन विपुल झाले, आणि संहारक अणुबाँबच्या कार्याचा आरंभही तेथेच झाला. हे ओझे वाहत असतानाच त्यांना एक चिंता ग्रासू लागली. ज्ञान वाढत आहे. परंतु हवे ते हवे तेव्हा सापडत नाही. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम १८६६ साली छापले गेले असूनही १९०० पर्यंत दुर्लक्षितच राहिले, ही हानी त्यांना डाचत होती.

जुलै १९४५ मध्ये 'अटलांटिक' मासिकात त्यांनी आपली कल्पना मांडली. एक टेबल, त्याच्या पोटात सूक्ष्म चित्रफितींवर साठविलेले ग्रंथ व वर तिरपे पडदे. एका पडद्यावर एक पान तसेच ठेवून दुसऱ्यावर दुसरे आणावे, आणि कळ दाबून दोहोंची कायमची गाठ बांधावी. या यंत्रास त्यांनी 'मेमेक्स' हे नाव दिले.

मेमेक्स कधीच तयार झाले नाही. परंतु फिलिपाइन्समध्ये नौदलात असलेल्या डग्लस एंगलबार्ट या तरुणाने तो लेख वाचला, आणि ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एकाच पडद्याचे भाग पाडून, माउस फिरवून, ते स्वप्न प्रत्यक्ष दाखविले. पुढे १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत एकमेकींवर सरकणाऱ्या खिडक्या अवतरल्या. त्या घरोघरी पोहोचण्यापूर्वीच, २८ जून १९७४ रोजी, बुश निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, खिडक्या उघडणे आज सोपे झाले आहे. दोन पानांमधील गाठ मात्र अजूनही वाचणाऱ्यानेच बांधावयाची असते. दहा खिडक्या उघडून एकही धड न वाचणाऱ्याच्या हाती काय लागणार? जिचे काम संपले ती मिटावी, ज्या दोहोंचा संबंध आहे त्या शेजारी ठेवाव्यात, आणि तो संबंध वहीत टिपून ठेवावा. बुश यांचे स्मरण आम्ही याहून चांगल्या रीतीने करू शकणार नाही.