सुट्या भागांतून उभा राहिलेला सूर

सिंथेसायझरचे जनक म्हणून ओळखले जाणारे रॉबर्ट मोग यांचा जन्म १९३४ साली न्यूयॉर्क येथे झाला. त्यांच्या आडनावाचा उच्चार गोमंतकीयांच्या ओठी असलेल्या ‘मोग’ या शब्दासारखाच. वडील अभियंते; घरातच त्यांची छोटी कार्यशाळा होती. आईने पियानो शिकायला बसवले, परंतु मुलाचे मन तारा, डाख आणि व्हॉल्व्ह यांतच रमले.

शाळकरी वयातच त्यांनी नियतकालिकातील आराखड्यावरून थेरमिन हे वाद्य तयार केले. त्याला स्पर्श करावा लागत नाही. दोन अँटेनांजवळ हात हलवले की एकाने स्वराची उंची बदलते, दुसऱ्याने आवाजाची पातळी. १९५४ पासून पितापुत्र थेरमिन विकू लागले. पुढे घरी जोडता येतील असे सुट्या भागांचे संचही निघाले आणि त्यांच्या विक्रीने कॉर्नेल विद्यापीठातील शिक्षणाला हातभार लागला.

१९६४ मध्ये संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या गरजा जाणून घेत मोग यांनी सिंथेसायझर घडवला. विद्युतदाब एक व्होल्टने वाढवला की स्वर एक सप्तक वर चढे. १९६९ मध्ये हे यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही पोहोचले.

व्यवहारात मात्र यश टिकले नाही. कंपनी हातची गेली, स्वतःचे नाव वाद्यांवर वापरण्याचा हक्कही गेला. मोग पुन्हा थेरमिनकडे वळले आणि नवशिक्यांसाठी नवे संच काढले. नावाचा हक्क २००२ मध्ये परत मिळाला. २१ ऑगस्ट २००५ रोजी त्यांचे निधन झाले.