श्वासाची साखळी शोधणारे प्रा. डेव्हिड केलिन

श्वासातील प्राणवायू फुप्फुसांतून रक्तात जातो हे आपण शाळेत शिकलो. पण पुढे पेशीत त्याचे काय होते? हे कोडे सोडविण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या प्रा. केलिन यांचा हा अल्प परिचय.

त्यांचा जन्म २१ मार्च १८८७ रोजी मॉस्को येथे पोलिश ज्यू कुटुंबात झाला. बालपण वॉर्सात गेले. दम्याच्या विकाराने त्यांना लहानपणापासून छळले. पॅरिसमध्ये कीटकांचा अभ्यास करून १९१५ साली ते केंब्रिजला आले व अखेरपर्यंत तेथेच राहिले.

घोड्याच्या पोटात वाढणाऱ्या एका माशीचा अभ्यास करताना त्यांना तिच्या स्नायूंच्या वर्णपटात चार काळे पट्टे दिसले. यीस्टमध्येही तेच पट्टे! यीस्टचे पाणी हवेत हलविले की पट्टे नाहीसे होत, स्थिर ठेवले की परत येत. सायनाइड घातले तर कितीही हलविले तरी ते जात नसत. म्हणजे हा रंगीत पदार्थ श्वसनात भाग घेत होता. १९२५ साली त्यांनी त्याला ‘सायटोक्रोम’ असे नाव दिले.

हा पदार्थ एक नसून अनेक आहेत, हेही त्यांनी ओळखले. बांधकामावर घमेले हातोहात पुढे जाते, तसे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन ‘बी’कडून ‘सी’कडे, ‘सी’कडून ‘ए’कडे व शेवटी प्राणवायूकडे जातात आणि पाणी तयार होते. सायनाइड शेवटचा हातच धरून ठेवते. म्हणून ते प्राणघातक. ही रांग मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यात चार मोठ्या प्रथिनसमूहांत मांडलेली आहे, हे पुढील संशोधकांनी दाखविले. त्या वाटचालीत पडद्यापलीकडे ढकललेले प्रोटॉन परततात व त्यातून पेशीला शक्ती मिळते, हा विचार पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडला. त्याबद्दल १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या नोबेल व्याख्यानाच्या शीर्षकातच त्यांनी केलिन यांचे नाव घातले. खुद्द केलिन यांना मात्र ते पारितोषिक कधीच मिळाले नाही.

परंतु त्यांचा खरा मोठेपणा आणखी एका गोष्टीत आहे. हेच पट्टे सुमारे चाळीस वर्षांपूर्वी वुल्व्हरहॅम्प्टनच्या डॉ. मॅकमन यांनी पाहिले होते. जर्मनीतील नामवंत शास्त्रज्ञ होप्पे-झायलर यांनी ते खोडून काढले, आणि १९११ साली मॅकमन उपेक्षितच वारले. केलिन गप्प बसले असते तर कोणाला कळलेही नसते. पण त्यांनी आपल्या निबंधात मॅकमन यांचे श्रेय उघडपणे त्यांच्या पदरात घातले.

२७ फेब्रुवारी १९६३ रोजी केंब्रिज येथे प्रा. केलिन यांचे निधन झाले. मेलेल्या माणसाचे देणे चुकते करणारा हा शास्त्रज्ञ आपल्या मुलाबाळांना अवश्य सांगावा.